टॅम्सिनची अकरा पत्रं

मंगळवारी सकाळी साडेदहाला एक अनोळखी मुलगी संगणकाच्या खोलीत आली आणि दारातूनच तिने विचारलं, इथे ऑड्री डिरीन कोण आहे.

खोलीत सात जण होते, सगळे साठीच्या पुढचे. ब्रॅम्बल बे या गावच्या सभागृहामागची ही खोली ग्लेनिस पायबस चालवायची. दर मंगळवारी दहा ते बारा ती गावातल्या माणसांना मेल, फोटो, स्वतःची वेबसाइट असलं सगळं शिकवायची. त्याआधी सव्वीस वर्षं ती होबार्टला पोलिसांच्या वायरलेसवर बसायची. बोलणारा कुठे अडखळतो हे तिच्या कानाला आपोआप कळायचं.

ऑड्रीने हात वर केला. मुलगी तिच्यासमोर गेली आणि टेबलावर कागदांचा एक गठ्ठा ठेवला.

"मी जसिंटा व्हेला. पोर्ट लिंकनहून विमानाने आले," ती म्हणाली. "टॅम्सिन गेली. तीन आठवडे झाले. तिने तुम्हाला अकरा पत्रं लिहिली. तुम्ही एकाचं उत्तर दिलंत, आणि ते दिलं नसतंत तर बरं झालं असतं."

ऑड्रीने कागद उचलले नाहीत. ती फक्त म्हणाली, "मला एकही पत्र आलेलं नाही."

जसिंटा हसली. ते हसू बघून ग्लेनिसने उरलेल्या सहा जणांना घरी पाठवलं आणि दार लावून घेतलं.

टॅम्सिन ऑड्रीची मुलगी. साडेचार वर्षांपूर्वी जानेवारीत ती धाकट्या भावाला, बारा वर्षांच्या टोबीला, छोट्या होडीतून खाडीत घेऊन गेली होती. वारा फिरला, होडीत पाणी भरलं. टॅम्सिन पोहत काठाला आली. टोबी दुसऱ्या दिवशी सापडला. चौकशीत कुणालाच दोषी धरलं नाही, पण मार्चमध्ये टॅम्सिन घर सोडून गेली. ऑड्री लोकर रंगवून विकायची. पुढच्या वर्षी तिने लोकरीची वेबसाइट काढली तेव्हा पहिल्या पानावर, लोकरीच्या लडींच्या फोटोखाली, एक ओळ टाकली: 'टॅम्सिन, लिही.' त्याखाली मेलचा पत्ता. ती ओळ अजून तिथेच होती.

जसिंटा आणि टॅम्सिन एकाच शेडमध्ये कालवं उघडायचं काम करायच्या, एकाच घरात राहायच्या. शेवटचे सात महिने जसिंटाने तिचं आजारपण काढलं होतं. तिने सगळी पत्रं छापून आणली होती. ग्लेनिसने ती वाचली.

पहिलं पत्र १ ऑगस्ट २०१९चं. त्यात टॅम्सिनने पानावरची ओळ दिसल्याचं लिहिलं होतं, आणि पुढे: 'मी आठवडाभर आधी सांगितलं होतं, ते तुला कधी कळलं का? मी तेव्हा गप्प बसले. वाटलं, ते मी सांगायचं नाही.'

त्याच दिवशी ऑड्रीच्या पत्त्यावरून उत्तर गेलं होतं. तीनच वाक्यं.

'होडी अजून शेडमध्ये आहे, मी रोज तिच्याकडे बघते. इथे तुझं कुणी उरलेलं नाही. पुन्हा लिहू नकोस. आई.'

त्यानंतरच्या दहा पत्रांना उत्तर नव्हतं. चौथ्या पत्रात टॅम्सिनने विचारलं होतं, 'पानावर म्हणतेस लिही, पत्रात म्हणतेस लिहू नकोस. यातलं खरं कोणतं, आई?' शेवटचं पत्र तिने जसिंटाकडून लिहवून घेतलं होतं, बोटं चालत नव्हती म्हणून.

ऑड्री तोवर खुर्चीत बसून होती. ग्लेनिसने ते उत्तर तिच्या हातात दिलं. तिने ते दोनदा वाचलं.

"होडी तर जाळली," ती म्हणाली. "ईस्टरला, किनाऱ्यावर. सगळं गाव होतं. डर्मटने रॉकेल आणलं होतं. मी स्वतः बघितली जळताना."

"मग हे तू लिहिलं नाहीस?"

"ग्लेनिस, माझी मुलगी मरताना मला शिव्या देत मेली असेल. कुणी लिहिलं ते मला शोधून दे."

जसिंटाने मान फिरवली. टॅम्सिनने शिव्या दिल्या नव्हत्या, असं ती हळूच म्हणाली. ती शेवटपर्यंत मेल उघडून बघायची, एवढंच.

ग्लेनिसने ऑड्रीला आपल्या शेजारी बसवलं आणि तिच्या वेबसाइटचं कंट्रोल पॅनेल उघडायला सांगितलं. ऑड्रीला पासवर्ड आठवत होता, पण आत जाऊन तिला तीन वर्षं झाली असतील.

"वेबसाइट म्हणजे दुकान," ग्लेनिस वर्गात नेहमी सांगायची. "गिऱ्हाईक पुढून बघतं. कंट्रोल पॅनेल ही दुकानाची मागची खोली. विजेचा बोर्ड तिथे, चाव्या तिथे, टपालाच्या पेट्याही तिथेच. पुढे कितीही छान मांडा, मागे कोण काय करून ठेवतंय ते महिन्यातून एकदा बघत जा."

ऑड्री दुकान रोज बघायची. मागच्या खोलीत ती जातच नव्हती.

पडद्यावर चौकोनी चित्रं आली. ग्लेनिस आधी मेलच्या पेट्यांकडे गेली. तिथे एकच पेटी असायला हवी होती, पण दोन होत्या. एकीवर ऑड्रीचं नाव होतं, दुसरीवर 'साठा'.

"ही कुणाची?"

"मला माहीत नाही."

मग मेलची गाळणी. एखाद्या पत्त्यावरून आलेलं पत्र कुठे टाकायचं, किंवा टाकायचंच नाही, हे इथे ठरवून ठेवता येतं. यादीत एकच गाळणी होती. तिचं नाव होतं 'माशी'. खाली नियम: पत्र टॅम्सिनच्या पत्त्यावरून आलं तर ऑड्रीच्या पेटीत टाकू नये, 'साठा'मध्ये टाकावं.

ग्लेनिस त्या नावाकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग तिने फायलींची यादी उघडली आणि गाळणीची फाइल कधी तयार झाली ते बघितलं. ६ ऑगस्ट २०१९, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

शेवटी तिने 'साठा' उघडली. दहाच्या दहा पत्रं तिथे होती. एकही न उघडलेलं नव्हतं.

ती पत्रं कुणीतरी वाचत होतं. तीन वर्षं, एकेक करून.

ऑड्री उठली आणि बेसिनपाशी जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं.

ती परत आल्यावर ग्लेनिसने तिला थोडंसंच विचारलं.

"त्या वर्षी तू माझ्या वर्गात होतीस. गाळणीचा धडा आठवतो?"

"नाही. तिसरा धडा माझा चुकला. डोळ्याचं ऑपरेशन होतं, होबार्टला. भाची घेऊन गेली होती. तुझा धड्याचा कागद लेन घेऊन आला, पण मी काही वाचला नाही."

"डोळ्यांना दिसत नव्हतं तेव्हा मेल कसे बघायचीस?"

"लेन वाचून दाखवायचा. पासवर्ड त्याला मीच दिला होता. पेपर वाचतो तसा, मोठ्याने." ती पडद्याकडे बघत होती. "रोज संध्याकाळी विचारायचे, टॅमचं काही आहे का. तो म्हणायचा, आज नाही."

लेन म्हणजे ऑड्रीचा नवरा.

जेवणाच्या वेळेपर्यंत बातमी गावभर झाली. निम्म्या गावाचं म्हणणं पडलं की ऑड्रीनेच लिहिलं असणार, मुलगा गेल्यावर बाईचं डोकं ठिकाणावर राहत नाही. उरलेल्या निम्म्यांनी डर्मट फेलबर्गचं नाव घेतलं. त्याला कारणही होतं. टॅम्सिनचं त्याच्याशी लग्न ठरलं होतं, ती त्याला न सांगता निघून गेली होती, आणि ऑड्रीची वेबसाइट त्यानेच बांधून दिली होती.

ग्लेनिस दुपारी त्याच्याकडे गेली. डर्मट मोबाइल आणि संगणक दुरुस्त करायचा. टॅम्सिन वारल्याचं त्याला कळलं होतं. तो दुकान उघडं टाकून मागे एका खोक्यावर बसला होता.

"चौकशीला आलात?" तो म्हणाला. "या. सगळं गाव बाहेरून बघून जातंय."

"तिच्यावर राग होता तुझा?"

"होता. अजून आहे. मेली म्हणून काय झालं."

"पासवर्ड होता तुझ्याकडे?"

"पहिले दोन आठवडे. मग तुम्हीच तुमच्या वर्गात म्हाताऱ्यांना शिकवलंत ना, बनवणाऱ्याचा पासवर्ड बदला म्हणून. ऑड्रीने बदलला आणि येऊन मला तोंडावर सांगितलं."

ग्लेनिसने खिशातून कागद काढला. गाळणीचं पान तिने छापून आणलं होतं. डर्मटने ते बघितलं आणि नाक उडवलं.

"हे मी केलं असतं तर तुम्हाला सापडलं नसतं," तो म्हणाला. "मी पत्र दारातच मारलं असतं, साठवून कशाला ठेवीन? हे नवशिक्याचं काम. एकेक पायरी वाचून केलंय. आणि माशी काय? असलं नाव कोण देतं?"

ग्लेनिसने कागद घडी करून खिशात ठेवला. तिने होडीबद्दल विचारलं. त्याचं म्हणणं ऑड्रीसारखंच होतं. लेनने ताडपत्रीत गुंडाळलेली होडी ट्रेलरवरून आणली, ताडपत्रीसकट पेटवली, आणि डर्मटने तिच्यावर रॉकेल ओतलं.

"ताडपत्री काढली नव्हती?"

"नाही. कुणाला बघायची होती ती?"

तिथून ती डिरीनांच्या घरी गेली. ऑड्री झोपली होती. लेन स्वयंपाकघरात होता. सत्तरीचा, रुंद पंजांचा माणूस. आयुष्यभर लाकडी होड्या बांधल्या. गावात कुणाकडे मयत झालं की पहिलं जेवण त्याच्याकडून जायचं, शिंपल्यांचं, अजून गरम असलेलं. आज त्याचे डोळे सुजले होते. त्याने ग्लेनिसला बसवलं, चहा दिला.

"ऑड्रीच्या मेलमध्ये तू कधी शिरला होतास?" तिने विचारलं.

"मी? मला ते यंत्र चालूसुद्धा करता येत नाही, बाई."

"तिचं ऑपरेशन झालं त्या दिवशी कुठे होतास?"

"इथेच. लाकडं फोडत होतो. दिवसभर."

"माझ्याकडे आला होतास ना, कागद न्यायला?"

लेनने कपात साखर घातली. "हो, तेवढा आलो असेन. आलो आणि गेलो."

"आणि टोबीची होडी?"

"जाळली. तूही होतीस की तिथे." त्याने डोळे पुसले. "कुणी केलं असेल गं हे? कसलं काळीज असेल?"

ग्लेनिसने चहा संपवला. जाताना ती अंगणातून न जाता शेडच्या मागून गेली. मागच्या खिडकीवर आतून पोती लावली होती, पण एका कोपऱ्यात ती सुटली होती. तिने काच पुसली, टॉर्च लावला. ताडपत्रीखालून निळ्या रंगाचं एक टोक बाहेर आलं होतं. त्यावर टोबीने स्वतः रंगवलेलं होडीचं नाव होतं, वेडंवाकडं. 'पिपिट'.

बुधवारी दुपारी ग्लेनिसने चौघांना डिरीनांच्या स्वयंपाकघरात बसवलं. ऑड्री, लेन, डर्मट आणि जसिंटा. शेगडीत लाकडं पेटली होती, तरी कुणी कोट काढला नव्हता.

ग्लेनिस उभीच राहिली.

"हे ज्याने केलं त्याला संगणकातलं फारसं कळत नव्हतं," ती म्हणाली. "त्याच्यासमोर एक कागद होता. तो कागद मी लिहिलेला आहे. नको असलेली पत्रं माशांसारखी घोंगावतात, म्हणून उदाहरणातल्या गाळणीला मी 'माशी' नाव दिलं होतं. फक्त त्या एका वर्षी. ते नाव त्याने जसंच्या तसं उतरवलं. म्हणजे डर्मट नाही."

डर्मटने कोटाची बटणं सोडली.

"गाळणी तयार झाली ६ ऑगस्टला, अकरा वीसला. मंगळवार होता. माझा तिसरा धडा चालू होता, गाळणीचाच. त्या वेळी ऑड्री होबार्टला ऑपरेशनच्या टेबलावर होती. म्हणजे ती नाही. तिच्या जागी दुसरंच कुणी माझ्या खोलीत बसलं होतं. काल रात्रीपर्यंत मला वाटत होतं की ते माणूस कागद घेऊन निघून गेलं. मग मी तेव्हाची हजेरीची वही काढली. त्या दिवशी येण्याची वेळ दहा आहे, जाण्याची बारा. सही लेनची."

लेन तिच्याकडे बघत होता.

"सही बघून आठवलं. तू मागच्या रांगेत बसला होतास," ग्लेनिस म्हणाली. "दोनदा मला हाक मारलीस. कोणतं बटण दाबायचं म्हणून विचारलंस. मी तुझ्या खांद्यावरून वाकून दाखवलं. तू काय टाइप करतोयस ते मी वाचलं नाही. ते माझ्या हातून झालं, आणि ते माझ्याकडेच राहणार."

"ग्लेनिस, तुला कुणीतरी काहीतरी—"

"तुला यंत्र चालू करता येत नाही म्हणालास. पण ऑड्रीचे डोळे गेले होते तेव्हा तूच तिला मेल वाचून दाखवायचास. पहिलं पत्र तू बघितलंस. पुसलंस. तिच्या नावाने उत्तर पाठवलंस. आणि तिचे डोळे बरे व्हायच्या आत पुढच्या पत्रांची सोय करून ठेवलीस. उत्तरात तू लिहिलंस की होडी शेडमध्ये आहे. सगळ्या गावाला ती जळालेली माहीत होती. ऑड्रीला, डर्मटला, मला. ती जळाली नाही, हे एकालाच माहीत होतं."

मग लेनचा चेहरा बदलला. सूज तीच, डोळे तेच, पण रडवेपणा गेला.

"तिने माझा मुलगा मारला," तो म्हणाला. तो ऑड्रीकडे वळला. "आणि तू तिला माफ केलंस. मला विचारलं नाहीस. पानावर लिहून मोकळी झालीस, लिही म्हणून. जिने टोबीला बुडवला तिला. तिने वाट बघावी असं मला वाटलं. तुम्ही दोघींनीही."

जसिंटा उठायला गेली. डर्मटने तिचा दंड धरला.

"हे खोटं आहे," ग्लेनिस म्हणाली. "निदान अर्धं तरी. एवढ्यासाठी कुणी पहिलं पत्र पुसत नाही. राग असता तर तू तिला तोंडावर दाखवला असतास. त्या पत्रात टॅम्सिन विचारते, मी आठवडाभर आधी सांगितलं होतं ते तुला कळलं का. काय सांगितलं होतं तिने, लेन? कुणाला?"

लेनने शेगडीत एक लाकूड सारलं.

"शेड उघड."

"चावी हरवलीय."

ऑड्री उठली. मागच्या दाराशी लाकडं फोडायची कुऱ्हाड होती, ती घेऊन ती अंगणात गेली. कुलूप तिसऱ्या घावाला तुटलं. ताडपत्री तिने स्वतः ओढली.

होडी उलटी ठेवलेली होती. तळाच्या दुसऱ्या फळीचं टोक सुटलं होतं. फटीवर निळा रंग फासलेला होता, बाकी होडीसारखाच, पण पाण्याने तो सोलला होता आणि आतून काहीतरी लोंबत होतं. ऑड्रीने ते दोन बोटांनी ओढून काढलं. लोकर होती. तिने ती कोटाला पुसली, उजेडात धरली. झेंडूचा रंग.

"हा रंग मी एकदाच केला," ती म्हणाली. "त्या नाताळात. सातच लडी झाल्या. सहा विकल्या, एक सापडली नाही. मला वाटलं मीच मोजायला चुकले." ती लेनकडे बघत नव्हती. "टोबी नऊ जानेवारीला गेला. त्यानंतर होडी पोलिसांकडे होती. ही लोकर तू आधी भरलीस."

मग लेनने सांगितलं. लाकडं फोडायच्या खोडावर बसून तो बोलला. वर्षाच्या शेवटी टॅम्सिनने त्याला फळी सुटल्याचं दाखवलं होतं. गिऱ्हाइकाची मोठी होडी अर्धवट होती, म्हणून त्याने हाताला लागलं ते फटीत कोंबलं, वरून रंग मारला, आणि होडी ठीक आहे, खुशाल न्या असं तिला सांगितलं. पोलिसांनी फळी बघितली, पण खडकावर आपटून सुटली असेल असं त्यांना वाटलं. टॅम्सिन चौकशीत काही बोलली नाही. ती दोन महिने बापाकडे बघत राहिली, तो स्वतःहून सांगेल म्हणून. त्याने सांगितलं नाही. मग ती गेली.

होडी जाळायला त्याने ट्रेलरवर चढवली होती. ऐन वेळी त्याचे हात चालेनात. त्याने जुनी दुसरीच होडी नेली.

"पत्रं का ठेवलीस?" ऑड्रीने विचारलं.

"ती जिवंत आहे, एवढं तरी मला त्यातून कळायचं. ती लिहायची बंद झाली की मला भीती वाटायची."

"तिला आजार झाल्याचं तुला कळलं होतं."

"हो."

"नोव्हेंबरमध्ये."

"हो."

"नोव्हेंबरपासून तू माझ्या शेजारी झोपत होतास."

ऑड्रीने त्याला गाडीत बसायला सांगितलं. डर्मट म्हणाला मी चालवतो, पण तिने ऐकलं नाही. जसिंटा तिच्या शेजारी बसली, लेन मागे. ग्लेनिस आपल्या गाडीतून त्यांच्यामागे गेली.

चाळीस किलोमीटरवरच्या पोलीस ठाण्यात सार्जंटने सगळं ऐकून घेतलं, ग्लेनिसची छापलेली पानं फाइलला लावली, लोकर पिशवीत घातली. लेनने सही केली. मग सार्जंटने खरं ते सांगितलं. मुलाच्या मृत्यूची चौकशी पुन्हा उघडायची का ते वरचे लोक ठरवतील, त्याला महिने लागतील. पत्रांचं प्रकरण त्याहून लहान. आज अटक करण्यासारखं काही नाही.

"म्हणजे मी घरी जाऊ?" लेनने विचारलं.

"जाऊ शकता."

लेन उठून खिडकीशी गेला. बाहेर गारांचा पाऊस सुरू झाला होता. ऑड्रीची गाडी होती ती जागा रिकामी होती. ती आणि जसिंटा विमानतळाच्या रस्त्याला लागून वीस मिनिटं झाली होती. टॅम्सिनच्या अस्थी पोर्ट लिंकनला, जसिंटाच्या घरी होत्या.

मग तो ग्लेनिसकडे वळला.

"मला सोडशील?"

ग्लेनिसने टेबलावरची गाडीची चावी उचलली, कोटाची बटणं लावली, आणि सार्जंटला नमस्कार करून ती एकटीच बाहेर पडली.